हिर्श आणि मायर : दोन आडनावांमागची अडीच वर्षं

२७ जानेवारी हा जर्मनीत नाझी राजवटीच्या बळींचा स्मरणदिन. १९४५ साली याच दिवशी आउशविट्झची छावणी मुक्त झाली. २०२३च्या त्या दिवशी माझ्या मुलीच्या नववीच्या वर्गाला कार्ल्सरूहे शहरातले ‘श्टोल्परश्टाइन’ दाखवायला नेलं होतं. हे दहा सेंटिमीटरचे, वर पितळी पत्रा असलेले दगड असतात, त्यावर बळींची नावं कोरलेली. नाझींनी ज्या घरातून माणसं नेली, त्या घरापुढच्या फरसबंदीत ते बसवलेले असतात. मुलगी एका दगडाचा फोटो काढून घेऊन आली. त्यावर आमचंच आडनाव होतं, हिर्श.

“बाबा, हे आपले का?” तिनं विचारलं. नवऱ्यानं फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, “माहीत नाही.”

मला ते ‘माहीत नाही’ स्वस्थ बसू देईना. मी अलिबागची. आमच्या घराण्याच्या सात पिढ्यांची नावं त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या चोपडीत आहेत, लहानपणी बाबांनी मला ती बोट ठेवून दाखवली होती. इथे सासरी तर आजोबांच्या पुढे कुणी जायलाच तयार नव्हतं. अडीच वर्षांत आम्ही काय केलं, कुठे चुकलो, किती दिवस लागले, किती पैसे गेले, ते सगळं इथे लिहून ठेवते आहे. जर्मन घरात लग्न करून आलेल्या आणि अशाच प्रश्नापाशी अडलेल्या कुणाला तरी ते कामी येईल.

सुरुवात आडनावापासून केली. हिर्श म्हणजे मोठ्या शिंगांचा हरीण, आपल्या सांबराच्या जातीतला. सासरे पूर्वीपासून सांगत की, आपल्या कुणा पूर्वजाची ‘हिर्श’ नावाची खानावळ होती, त्यावरून हे आडनाव आलं. पटण्यासारखं होतं, कारण दक्षिण जर्मनीत गावोगावी हरणाच्या पाटीची खानावळ दिसते. पण वाचत गेले तेव्हा दुसरी वाटही दिसली. जर्मन ज्यू पुरुषांना दोन नावं असत, एक प्रार्थनेतलं हिब्रू नाव आणि एक रोजच्या बोलण्यातलं. बायबलच्या ‘उत्पत्ती’ पुस्तकात याकोब मरताना आपल्या मुलांना आशीर्वाद देतो. त्यात नफतालीला तो मोकळी सुटलेली हरिणी म्हणतो, यहूदाला सिंहाचा छावा आणि बन्यामीनला लांडगा. म्हणून नफतालीचं व्यवहारातलं नाव हिर्श झालं, यहूदाचं लेब, म्हणजे सिंह, आणि बन्यामीनचं वोल्फ. पुढे यातूनच आडनावं झाली. थोडक्यात, एक हिर्श खानावळीवरून आलेला ख्रिस्ती असू शकतो आणि दुसरा कुणा नफतालीचा ज्यू वंशज. दोघांची दारावरची पाटी मात्र एकच.

फेब्रुवारीत नवऱ्यासाठी डीएनए चाचणीचा संच मागवला. सवलतीत ४९ युरो, टपालाचे दहा वेगळे. गालाच्या आतून काडी फिरवायची, नळीत मोडून टाकायची आणि पाकीट पेटीत सोडायचं, एवढंच काम. त्याआधी एका संध्याकाळी दोघांनी बसून संमतीपत्राची पानं सावकाश वाचली. नमुना किती वर्षं ठेवणार, संशोधनाला देणार का, नातेवाइकांच्या यादीत नाव दिसणार का, या तीन प्रश्नांची उत्तरं आधी ठरवा. आम्ही नावाऐवजी आद्याक्षरं दिली आणि संशोधनाला नकार दिला. आणखी एक गोष्ट घरात आधीच बोलून ठेवा : कुणाचा बाप वेगळा निघाला, माहीत नसलेला भाऊ निघाला, तर काय करायचं? हे प्रश्न निकाल हातात आल्यावर सुचून उपयोग नाही.

३ एप्रिलला निकाल आला. बहुतेक भाग ‘पश्चिम युरोपीय’, थोडा ‘पूर्व युरोपीय’ आणि ११ टक्के ‘अश्कनाझी ज्यू’, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातले ज्यू.

या आकड्यांकडे कसं पाहायचं ते मला हळूहळू कळलं. ‘जर्मन’ असा वेगळा वंश डीएनएत सापडत नाही. माणसं शतकानुशतकं फ्रान्स, स्वित्झर्लंड, पोलंड असं इकडेतिकडे फिरली, मिसळली, त्यामुळे तिथे कंपन्यांचे अंदाज ढोबळ असतात आणि दर अद्ययावतीकरणाला बदलतात. अश्कनाझी भाग मात्र स्पष्ट ओळखू येतो, कारण हा समाज शतकानुशतकं आपसातच लग्नं करत आला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासानुसार आजच्या अश्कनाझी लोकांची वंशावळ सहा-आठशे वर्षांपूर्वीच्या अवघ्या साडेतीनशेच्या आसपास माणसांच्या गटातून आलेली आहे. म्हणून ११ टक्क्यांवर विश्वास ठेवता येतो. प्रत्येक पणजोबा-पणजीचा वाटा सरासरी साडेबारा टक्के असतो. आठांपैकी एक जण पूर्ण ज्यू असेल, तर हिशेब जुळतो.

इथेच एक सावधगिरी सांगते. निकालासोबत नातेवाइकांची यादी येते. नवऱ्याच्या यादीत अमेरिका, इस्राएल, अर्जेंटिना इथली शेकडो माणसं ‘चौथ्या पिढीतले चुलत’ म्हणून आली. पहिल्या आठवड्यात मी त्यातल्या वीस जणांना पत्रं लिहिली आणि एकाचाही धागा जुळला नाही. आपसात लग्नं झालेल्या समाजात दोन माणसांना जोडणाऱ्या वाटा अनेक असतात. डीएनएच्या लहान लहान तुकड्यांची बेरीज होते आणि यंत्राला नातं जवळचं वाटतं. खरं नातं दोनशे-तीनशे वर्षं मागचं असू शकतं. एकसलग मोठा तुकडा जुळला असेल तरच पत्र लिहा.

आता माझी मोठी चूक. ११ टक्के पाहिल्यावर आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं की, ते हिर्शचेच. आडनावच तसं होतं ना! एप्रिल ते ऑगस्ट, पाच महिने मी त्याच वाटेनं गेले.

सासऱ्यांचं मूळ गाव क्राइखगाउमधलं, कार्ल्सरूहे आणि हाइलब्रोनच्या मधल्या टेकड्यांमधलं. हा पूर्वीच्या बाडेन राज्याचा भाग, आणि बाडेनची कागदपत्रं शोधणाऱ्याला मोठी सोय आहे. १८१० पासून १८६९ पर्यंत तिथे जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी वही गावचा पाद्रीच लिहीत असे, ख्रिस्ती लोकांची आणि ज्यूंचीही. त्या वह्यांच्या दुसऱ्या प्रती सरकारजमा होत. त्यातल्या उत्तर बाडेनच्या कार्ल्सरूहेच्या जनरल लांडेस आर्काइव्हमध्ये आहेत आणि छायाप्रती घरबसल्या फुकट बघता येतात.

अडचण लिपीची. जुनी जर्मन कुरेंट लिपी मला पहिले दोन आठवडे नुसत्या उभ्या रेघा वाटत होती. ‘ए’ अगदी ‘एन’सारखा दिसतो, ‘यू’वर एक छोटा बाक असतो म्हणून तो ओळखायचा. माझ्या आजोबांच्या ट्रंकेत मोडीतली जमिनीची कागदपत्रं होती, तीही अशीच बोरू न उचलता धावत गेलेली. कॉलेजात असताना मी सुट्टीत मोडीचा वर्ग केला होता, तिथली एक युक्ती इथे चालली : आधी माहीत असलेले शब्द शोधायचे, महिन्यांची नावं, गावाचं नाव, ‘जन्म’, ‘पत्नी’. त्यातून लिहिणाऱ्याच्या हाताची अक्षरमाला एका कागदावर उतरवून घ्यायची. पाद्री बदलला की नवी अक्षरमाला. महिनाभरात मी वाचू लागले.

आणि त्या गावाच्या ज्यू पानांवर मला हिर्श सापडले! भरपूर. बाप, मुलगा, नातू. त्यातल्या एकाचं नाव आणि साल सासऱ्यांच्या आजोबांच्या वडिलांशी जवळपास जुळत होतं. दोन वर्षांचा फरक होता, तो मी लिहिणाऱ्याची चूक समजून सोडून दिला. पाच पिढ्यांचा सुंदर तक्ता काढून मी मुलीला दिला. तिनं तो खोलीत लावला. तो पुढे काढताना मला फार वाईट वाटलं. दोन वर्षांचा फरक सोडून देऊ नका. नाव जुळणं हा पुरावा नसतो, आई-वडिलांची नावं जुळली पाहिजेत.

ऑगस्टमध्ये सासऱ्यांनी स्वतःहून सांगितलं, “माझीही चाचणी करा.” ५९ युरो. ऑक्टोबरच्या मध्यावर निकाल आला. अश्कनाझी भाग : शून्य.

पाच-सहा पिढ्यांमागचा एखादा पूर्वज डीएनएतून पुसला जाऊ शकतो. पण मुलाकडे ११ टक्के आहेत आणि बापाकडे शून्य, याचा अर्थ एकच. ते बापाकडून आलेले नाहीत. जेवणाच्या टेबलावर हे बोलत असताना सासूबाई उठल्या आणि कॉफी करायला गेल्या. आल्याच नाहीत बराच वेळ.

त्याच आठवड्यात सासरे माळ्यावरून एक करड्या रंगाची वही घेऊन आले. ‘आनेनपास’, नाझी काळातला पूर्वजांचा दाखला. त्यांच्या वडिलांचा, १९३६ सालचा. ते प्राथमिक शाळेत मास्तर होते. एप्रिल १९३३च्या कायद्यानं सरकारी नोकरांना आजी-आजोबांपर्यंत कुणी ज्यू नाही हे सिद्ध करणं भाग होतं. या मास्तरांनी आजी-आजोबांवर न थांबता हिर्श घराणं १७९० पर्यंत मागे नेलं होतं. एकेका नोंदीखाली पाद्र्याची सही आणि गोल शिक्का. आडनाव हिर्श असलेल्या मास्तरांना त्या काळात शाळेत काय काय ऐकावं लागलं असेल, ते त्या शिक्क्यांच्या गर्दीत दिसत होतं. सासरे एकेक पान उलटत होते. मधेच म्हणाले, “किती मेहनत घेतली आहे माझ्या वडिलांनी. आणि कशासाठी.” त्यांनी वही मिटली आणि माझ्याकडे दिली.

पुढचं मी चर्चच्या वह्यांच्या पोर्टलवर पाहिलं. तेव्हा महिन्याला साधारण २० युरो लागत, मी तीन महिने भरले. हिर्श घराणं १७०२ पर्यंत मागे जातं, सगळे प्रोटेस्टंट, पहिला सापडलेला पूर्वज कोष्टी. त्याआधीचं मिळणं कठीण, कारण १६८९ साली फ्रेंच सैन्यानं हा सगळा मुलूख जाळला, जवळचं ब्रेटन गाव त्यातच राख झालं. खानावळ कुठेच आली नाही. गावात ज्यू हिर्श होते, ख्रिस्ती हिर्श होते, शेजारी होते, आणि एकमेकांचे कुणी नव्हते.

आता सासूबाई. त्यांचं माहेरचं आडनाव मायर. जर्मनीत मायर म्हणजे आपल्याकडचे पाटील, गल्लोगल्ली सापडतात. मूळ अर्थही त्याच अंगाचा : जमीनदाराच्या शेतीचा कारभार पाहणारा. म्हणून या नावावर कधी कुणी शंका घेतली नाही. पण हिब्रूत मेइर असं पुरुषाचं नाव आहे, प्रकाश देणारा या अर्थाचं, आणि त्याचंही जर्मन रूप मायरच होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी वाचून काढलेलं होतं.

नोव्हेंबरमध्ये त्या म्हणाल्या, “मला मरण्याआधी कळलेलं बरं.” सवलत चालू होती, संच ३९ युरोंना मिळाला. ९ जानेवारी २०२४ ला निकाल आला. अश्कनाझी २४ टक्के. चार आजी-आजोबांपैकी एक.

सासूबाई संगणकाच्या पडद्याकडे बघत बसल्या. मग एकच विचारलं, “म्हणजे बाबा माझ्याशी खोटं बोलले?” मी काही बोलले नाही. नवऱ्यानं त्यांचा हात धरला. तुमच्या घरात असा निकाल येणार असेल, तर तो फोनवर सांगू नका, आणि त्या दिवशी दुसरं काही काम ठेवू नका.

ज्यांना हे करायचं आहे त्यांनी सुरुवात घरातल्या सर्वांत वयस्कर माणसापासून करा. आम्ही आधी सासू-सासऱ्यांची चाचणी केली असती, तर पाच महिने वाचले असते आणि तो तक्ता भिंतीवर लागलाच नसता.

मग कागद. इथे श्टांडेसआम्ट, म्हणजे नोंदणी कार्यालय, आणि अभिलेखागार यांच्यातली सीमा कळली पाहिजे. जन्माची नोंद ११० वर्षं, लग्नाची ८० आणि मृत्यूची ३० वर्षं श्टांडेसआम्टकडे असते. तोपर्यंत ती मुख्यतः पती-पत्नी आणि सरळ रेषेतले वंशजच मागू शकतात. त्यानंतर ती अभिलेखागारात जाते आणि कुणालाही पाहता येते. सासूबाईंच्या वडिलांचा जन्म १९१५चा, म्हणजे तेव्हा अजून बंद. मी अर्ज केला, तीन आठवड्यांनी परत आला : सून वंशज नाही. मग सासूबाईंच्या सहीचं मुखत्यारपत्र, त्यांच्या ओळखपत्राची प्रत, त्यांचा स्वतःचा जन्मदाखला आणि १५ युरो असा नवा अर्ज. सहा आठवडे.

अर्जात एक गोष्ट नीट लिहा. नुसता जन्मदाखला मागितला, तर छापील चार ओळींचा कागद येतो. मूळ नोंदीची प्रमाणित प्रत मागा, समासातल्या टिपांसकट. सगळं काही समासात असतं.

सासूबाईंच्या आजोबांचा जन्म १८८४चा, ती नोंद गावच्या अभिलेखागारात खुली होती. ईमेल केली, १० युरो भरले, तीन आठवड्यांनी स्कॅन आला. १९ मार्च २०२४, दुपारी सव्वादोन. मी ऑफिसात होते. बाप : मायर, गुरांचा व्यापारी, ‘इस्राएली धर्माचा’. आई : तीही. खाली बापाची सही, जाड आणि सावकाश काढलेली. आणि डाव्या समासात दुसऱ्या शाईनं, जानेवारी १९३९ची टीप : वरील व्यक्तीनं ‘इस्राएल’ हे जादा नाव धारण केलं आहे. ऑगस्ट १९३८च्या हुकमानं, ज्यांचं नाव सरकारच्या यादीतलं ज्यू नाव नव्हतं, त्या प्रत्येक ज्यू पुरुषाला ‘इस्राएल’ आणि स्त्रीला ‘सारा’ हे नाव लावावं लागलं आणि ते स्वतःच जाऊन नोंदवावं लागलं. त्या टिपेवर एक तिरकी रेघ होती, आणि खाली १९४७ची दोन ओळींची नोंद की, वरची टीप रद्द. चोपन्न वर्षांचा माणूस कचेरीत गेला असेल, रांगेत उभा राहिला असेल आणि स्वतःला एक लादलेलं नाव लिहून घेऊन आला असेल. मी जिन्यात जाऊन बसले. स्कॅन लगेच कुणालाही पाठवला नाही. रविवारी कागदावर छापून घेऊन गेले.

सासूबाईंनी कपाटातून फोटो काढला. १९५० सालचा. टोपी घातलेला म्हातारा बाकावर बसला आहे आणि मांडीवर दुपट्यातलं बाळ. “ही मी,” त्या म्हणाल्या, “आणि हे ओपा, माझे आजोबा. मी एक वर्षाची असताना गेले. एवढंच सांगितलं होतं मला.”

पुढचं कार्ल्सरूहेच्या त्याच अभिलेखागारात मिळालं. युद्धानंतर छळाची भरपाई मागणाऱ्यांच्या फायली तिथे ४८० क्रमांकाच्या संचात आहेत. हे सर्वांना आवर्जून सांगते, कारण बरेच जण जन्ममृत्यूच्या वह्यांवरच थांबतात. आधी ईमेलनं फाईल आहे का विचारायचं, मग दिवस ठरवून जायचं, ओळखपत्र दाखवून वापरकर्ता म्हणून नोंद करायची. पेन चालत नाही, पेन्सिल न्या. ऑगस्ट २०२४ मध्ये सासूबाई आणि मी दोन दिवस तिथे बसलो. प्रतींचे ३८ युरो झाले.

फायलीत ओपांच्या हातचं दोन पानी निवेदन होतं, १९४९ सालचं. सिगार कारखान्यात हिशेबनीस होते. १९११ साली प्रोटेस्टंट मुलीशी लग्न केलं, मुलांचा बाप्तिस्मा झाला. १९३८ साली कारखाना ज्यू मालकाच्या हातून गेला आणि यांची नोकरीही. २२ ऑक्टोबर १९४० रोजी बाडेन, फाल्ट्स आणि झारलांटमधल्या सुमारे साडेसहा हजार ज्यूंना एका फटक्यात दक्षिण फ्रान्समधल्या गुर्सच्या छावणीत धाडलं. बायको ज्यू नसल्यामुळे ओपा त्यातून वाचले. त्यांची गावात राहणारी अविवाहित बहीण वाचली नाही. तिचं नाव मला पुढे जर्मन संघीय अभिलेखागाराच्या स्मृतिग्रंथात सापडलं, तो इंटरनेटवर खुला आहे : गुर्स, मग पॅरिसजवळची द्राँसीची छावणी, मग ऑगस्ट १९४२ मध्ये आउशविट्झ. ओपांना फेब्रुवारी १९४५ मध्ये थेरेझिनश्टाटला नेलं. मे महिन्यात छावणी मुक्त झाली, जूनमध्ये ते परत आले. नुकसानीच्या यादीत त्यांनी सात वर्षांचा पगार लिहिला होता आणि अगदी शेवटी : ‘एक लोकरी कोट, एक चामडी पेटी.’ सासूबाई ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होत्या.

सासूबाईंच्या वडिलांचं कोडं डिसेंबरमध्ये सुटलं. ते म्हणत, फुफ्फुसाच्या दुखण्यामुळे १९४० साली त्यांना सैन्यातून घरी पाठवलं. बर्लिनच्या संघीय अभिलेखागारात सैनिकांच्या नोंदी मिळतात, मार्चमध्ये अर्ज केला होता, नऊ महिने लागले. जुलै १९४० मध्ये त्यांची मुक्तता झाली होती आणि कारण तब्येतीचं नव्हतं. ८ एप्रिल १९४०च्या हुकमानं ज्यांचे दोन आजी-आजोबा ज्यू होते अशांना सैन्यातून काढून टाकण्यात आलं. सासूबाई म्हणाल्या, “दर थंडीत आई त्यांच्या छातीला मलम चोळायची. माझ्यासमोर.” मला वाटतं, तिलाही ठाऊक होतं. ज्या देशात एका दाखल्यावर जीव अवलंबून होता, तिथे युद्ध संपलं म्हणून भीती लगेच संपत नाही.

मधल्या महिन्यांत मी मायरांची वाट पाद्र्याच्या वह्यांमधून मागे नेली. आता तारीख, आई, बाप, तिन्ही जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा नियम. ओपांचे वडील इसाक, जन्म १८४७. त्यांचे वडील लेब, जन्म १८११. आणि लेबचे वडील, ज्यांनी हे आडनाव लिहून दिलं ते. १३ जानेवारी १८०९च्या बाडेनच्या आदेशानं ज्यूंना कायमचं आडनाव घेणं सक्तीचं झालं. तोपर्यंत बहुतेकांचं चाले ते आपल्यासारखंच, स्वतःचं नाव आणि पुढे बापाचं. ह्या इसाकच्या आजोबांच्या वडिलांचं नाव मायर. कारकुनानं विचारलं, लेबच्या वडिलांनी आपल्या बापाचं नाव सांगितलं, ते त्या दिवशी गोठलं आणि आडनाव झालं. दुसऱ्या कुणी गाव सांगितलं असतं. ओपनहाइमर, लांडाउअर ही ज्यू आडनावं म्हणजे थेट ओपनहाइमकर आणि लांडाउकर. आमच्या अलिबागच्या इस्राएल आळीतले बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, शेजारी नवगावकर, रोहेकर, पेणकर होते. घरात मराठी बोलायचे. त्यांच्या सिनॅगॉगवरून मी रोज शाळेत गेले, आणि आडनावावरून कधी वेगळं काही वाटलं नाही. २०१६ साली बेने इस्राएलांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे ठळक दिसले. तो लेख मी सासूबाईंना जर्मनमध्ये समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, “म्हणजे तू माझ्या आधीपासून आमच्या शेजारची.”

एप्रिल २०२५ मध्ये आम्ही सगळे वाइबश्टाटच्या जंगलातल्या ज्यूंच्या दफनभूमीत गेलो. १६९० पासूनची ही जागा, आसपासच्या कितीतरी गावांतले लोक इथे आणून पुरत. जाणार असाल तर किल्लीची चौकशी आधी करा, शनिवारी आणि ज्यू सणाला जाऊ नका, पुरुषांनी डोकं झाकायचं. नवऱ्यानं आणि सासऱ्यांनी टोप्या घातल्या. दगडांवरची जर्मन अक्षरं नंतरच्या काळातली, जुन्यांवर फक्त हिब्रू. वर ‘पे’ आणि ‘नून’ ही दोन अक्षरं असतात, म्हणजे ‘इथे पुरला आहे’. मी हिब्रू मुळाक्षरं घरी गिरवून गेले होते. इसाकचा दगड मुलीनं शोधला. शेवाळ पाण्यानं आणि हातानं सावकाश पुसलं, ब्रश वापरायचा नसतो. त्यावर होतं : इत्सहाक बेन येहूदा. पाद्र्याच्या वहीतला लेब इथे येहूदा होता, सिंहाचा छावा. ते व्यवहारातलं नाव आणि हे प्रार्थनेतलं.

सासूबाईंनी वाटेतून उचललेला खडा दगडावर ठेवला. फूल वाहत नाहीत, खडा ठेवतात. मग त्यांनी खाली वाकून नाव मोठ्यानं वाचायचा प्रयत्न केला, मी एकेक अक्षर सांगत होते आणि त्या उजवीकडून डावीकडे बोट सरकवत होत्या.

सगळा खर्च धरून ३०० युरोंच्या आसपास गेला. तीन संच आणि टपाल १७७, पोर्टल ६०, दाखले २५, फायलीच्या प्रती ३८. सगळे कागद एका निळ्या फायलीत आहेत. मास्तरांचा आनेनपासही त्यातच, ओपांच्या निवेदनाच्या शेजारी. सासऱ्यांनी तो तिथेच ठेवायला सांगितलं.

जूनमध्ये आम्ही ओपांच्या बहिणीसाठी श्टोल्परश्टाइनचा अर्ज केला आहे. तिचं शेवटचं राहतं घर अजून उभं आहे, खाली बेकरी आहे. गावच्या सभेची मंजुरी हवी, मग दगड घडवणाऱ्यांची तारीख, असं बरंच व्हायचं आहे. सासूबाई दर महिन्याच्या एक तारखेला मला फोन करतात आणि विचारतात, “काही पत्र आलं का?”